माझ्यामागे घर नंबर दोनमध्ये कोणी राहू नये

मी, माणिकराव भीमराव मेत्रे, वय वर्षे बहात्तर, धर्म बौद्ध, धंदा गवंडीकाम (गुडघ्यांमुळे दोन वर्षांपासून बंद), मूळ गाव खटकचिंचोळी, हल्ली राहणार घर नंबर दोन, तळमजला, 'रेवण निवास', बसस्टँडमागे, हिरेनाळ, जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दारू मी १९८१ साली सोडली. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडावा, असा लेकीचा हट्ट होता म्हणून तोही घेतला. डॉक्टरांनी तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी म्हणालो, "एका खांबावर किती वजन येतंय ते बी सांगू का?" ते हसले आणि त्यांनी सही केली. खांबाचे मात्र सांगायचे राहून गेले, ते खाली लिहीत आहे.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे मराठीत लिहिले आहे, कारण कन्नड मला बोलता येते, वाचता येत नाही. कचेरीत कन्नड लागले तर नात मैत्रेयीने उलथा, म्हणजे भाषांतर, करावा. करताना एकही शब्द मऊ करू नये.

१. माझी पत्नी कोंडाबाई, मुलगी संध्या (भालकीला नर्स आहे) आणि मुलगा बुद्धरत्न (हैदराबादला कंपनीत) हे माझे वारस. या कागदाप्रमाणे सगळे करून घेण्याची जबाबदारी मी संध्यावर टाकतो. ती लहानपणापासून भांडकुदळ आहे, म्हणून.

२. खटकचिंचोळीचे घर आणि ओढ्याकडची दीड एकर जमीन कोंडाबाईने हयातभर वापरावी. तिच्यामागे दोन्ही लेकरांना सारखी वाटून जावी. ते घर मातीचे आहे आणि त्याला एकही भेग नाही.

३. पोस्टातले जे काही असेल ते कोंडाबाईचे.

४. घर नंबर दोन. हे घर मी विकत घेतलेले नाही. ते मला मिळाले. कशाबद्दल मिळाले, हे वारसांना माहीत असले पाहिजे.

२००७ साली रेवणप्पा शेठ यांनी या जागेवर ही इमारत काढली. मुख्य गवंडी मी. माझ्या हाताखाली अठरा माणसे, त्यांत डोक्यावर घमेले घेऊन कोंडाबाईसुद्धा. नकाशा तळमजला आणि वर दोन मजले, एवढाच होता. जिन्यालगतच्या खांबात नकाशाप्रमाणे सोळा एमएमच्या आठ सळया पाहिजे होत्या. शेठने बाराच्या सहा पाठवल्या, मी त्या उभ्या केल्या. उन्हाळा होता, गावात टँकर चालू होते. खांबाला गोणपाट गुंडाळून दहा दिवस पाणी मारायचे असते. आम्ही तीन दिवस मारले आणि फळ्या काढल्या. एवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प राहिलो असतो, हेही खरे आहे. पण दुसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतून झाल्यावर शेठ म्हणाले, "अजून एक चढव."

मी म्हणालो, "शेठ, तिसरा मजला नकाशात न्हाई. जिन्याचा खांब तेवढं झेलणार न्हाई."

"नकाशा कपाटात राहतो माणिक, कोण बघायलाय? आणि तू किरायाच्या खोलीत कवर राहणार? खालचं दोन नंबर तुझ्या नावानं करतो."

मी कोंडाबाईकडे पाहिले. तिने घमेले खाली ठेवले. "पडणार तर न्हाई ना ओ?" तिने विचारले.

"आपुन जित्ते हाव तवर न्हाई," मी म्हणालो.

तिसरा मजला मी चढवला. घर नंबर दोनची खरेदी माझ्या नावाने झाली, कागद हिरव्या ट्रंकेत आहेत. आमच्या खानदानात पक्क्या छताखाली राहायला आलेला मी पहिला. त्या वर्षी पाहुणेरावळे घर पाहायला येत होते आणि मी त्यांना भिंतीवर हात फिरवून दाखवत होतो. खांब मात्र कोणाला दाखवला नाही.

५. काचांची वही. २०१६ साली जिन्याच्या खांबाला पहिली उभी भेग गेली. संडासाचा पाईप खांबालगत गळत होता. आठ घरांनी मिळून तो बदलायचा तर शेठ म्हणे तुमचे तुम्ही बघा, वरचे म्हणत खालच्यांनी बघावे, खालचे म्हणत पाणी वरचे आहे. पाईप आजही गळतो. भेग थांबली की चालू आहे, हे ओळखायची आम्हा गवंड्यांची एक रीत आहे. भेगेवर काचेची पट्टी आडवी धरून दोन्ही टोके सिमेंटने पक्की करायची, शेजारी तारीख लिहायची. भेग रुंदावली तर काच तडकते. पहिली काच चौदा महिने टिकली. दुसरी नऊ महिने. पुढच्या सगळ्यांच्या तारखा वहीत आहेत. यंदा श्रावणात लावलेली काच अठरा दिवसांत गेली.

ही वही, माझा ओळंबा, गुण्या, दोन्ही थाप्या आणि छिन्नी-हातोडा मी संध्याची मुलगी मैत्रेयी हिला देतो. ती कलबुर्गीला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ओळंब्याचा दोरा बदलून घ्यावा.

६. अंकुश परीट. हा माणूस या इमारतीत राहत नव्हता. गेटजवळ गाडा लावून कपड्यांना इस्त्री करायचा. २०२१ च्या जुलैत भुरभुर पाऊस लागला होता आणि तो प्लास्टिक पांघरून इस्त्री फिरवत होता. मी खिडकीतून म्हणालो, "अंकुश, भिजायलास कामून? गॅलरीखाली लाव की गाडा."

"चालंल का काका?"

"कोण काय म्हणतंय? लाव."

त्यानंतर अकराव्या दिवशी, दुपारी साडेबाराला, दुसऱ्या मजल्याची गॅलरी त्याच्या गाड्यावर आली. मी जेवत होतो. आवाज मोठा नव्हता. वाळूचे टिप्पर रिकामे व्हावे तसा झाला. मी बाहेर गेलो तेव्हा निखारे ओल्या रस्त्यावर पसरले होते आणि एक पांढरा सदरा घडी केलेला तसाच होता. बीदरला नेताना अंकुश वाटेत गेला. पुढच्या आठवड्यात नगरपालिकेचे इंजिनिअर आले, भिंतींवर हातोडी वाजवत फिरले आणि माझ्या दारात उभे राहून त्यांनी विचारले, "बांधलं कोण हे?"

मी म्हणालो, "शेठला विचारा."

अंकुशची बायको नागूबाई आता तहसील कचेरीसमोर तोच गाडा लावते. सबब, इमारत पाडल्यानंतर घर नंबर दोनच्या वाट्याला जमिनीचा जो हिस्सा येईल, तो किंवा त्याचे जे मोल येईल ते, सगळे मी नागूबाई अंकुश परीट हिला देतो. माझ्या लेकरांनी यात वाटा मागू नये. नागूबाई घ्यायला नाही म्हणेल. तिला हे कलम वाचून दाखवावे, गॅलरीखाली गाडा लावायला कोणी सांगितले ते सुद्धा. त्यानंतर ती काय बोलेल ते संध्याने ऐकून घ्यावे, उलट बोलू नये.

७. सह्यांचा कागद. गॅलरी पडल्यावर गेटला नोटीस लागली. कन्नडमध्ये होती. दुसऱ्या मजल्यावरच्या गंगव्वाने ती वाचून सांगितली. गंगव्वा विधवा बाई, ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकायची. तिचे मराठी तिच्या पद्धतीचे. ती म्हणाली, "अण्णा, हे म्हणतो, बिल्डिंग अपायकारी हाय, तीस दिवसात खाली करा."

"कुठं जायचं ते लिवलंय का?"

"ते न्हाई लिहिला."

तीस दिवस गेले, कोणी हलले नाही. नगरपालिकेने नळ तोडला. आम्ही सगळे कचेरीत गेलो. तिथे सांगण्यात आले की, स्वतःच्या जबाबदारीवर राहतो असे लेखी द्या, मग पाण्याचे बघू. तो कागद मी लिहिला. माझे अक्षर चांगले आहे. 'काही बरेवाईट झाल्यास नगरपालिका जबाबदार राहणार नाही' हे वाक्य माझ्या हातचे आहे. घरोघर फिरून सह्या मीच घेतल्या. गंगव्वाने पेन हातात धरून माझ्याकडे पाहिले. "अण्णा, तू बांधला हाय हे. तू म्हणतो तर मी सही करतो."

तिने केली. नळ चालू झाला. पुढची चार वर्षे कोणीही आले नाही, नोटीस घेऊनसुद्धा नाही. कचेरीच्या फायलीत आमच्या सह्या होत्या, त्यांचे काम झाले होते.

८. माझा कबुलीजबाब. यंदा श्रावणातली काच फुटली तेव्हा मैत्रेयी सुट्टीला आली होती. तिने वही चाळली आणि विचारले, "आजोबा, आत सळया किती हायत?" मी खरे सांगितले. अठरा वर्षांत कोंडाबाईलाही सांगितले नव्हते. पोरीने वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "मला सांगायलाव तुमी. वरच्या लोकायला कवा सांगणार?"

दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेत लेखी जबाब दिला. सळया किती कमी, पाणी किती दिवस, तिसरा मजला कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणाच्या हातांनी. साहेबांनी वाचून कागद खाली ठेवला. "अण्णा, वय काय तुमचं? ह्याच्यात पहिलं नाव तुमचंच येतंय."

"म्हणून तर पहिलं लिवलंय," मी म्हणालो.

पोहोच शिक्क्यासह ट्रंकेत आहे. माझ्या मृत्यूनंतर त्यावरून खटला चालला तर संध्याने तो कागद कोर्टात हजर करावा. माझ्या नावाची अब्रू वाचवायला तो लपवू नये.

त्या रविवारी सकाळी दहा वाजता मी सगळ्यांना जिन्यापाशी बोलावले. आठांतली दोन घरे आधीच कुलूपबंद होती, तेव्हा माझ्यासकट सहा घरांची माणसे होती. मी छिन्नी लावली. दोन-तीन ठोक्यांतच खांबाचे वरचे कवच, घरावरून खापर सरकावे तसे, घसरून खाली आले. आतली सळई मी बोटांनी धरली तर तिचे पदर खारी बिस्किटासारखे सुटून हातात आले. गंगव्वा पुढे झाली. तिने एक तुकडा तळहातावर घेतला, चिमटीत दाबला, आणि त्याचा भुगा झाला.

"हे सळई हाय?" तिने विचारले. मी होय म्हणून मान हलवली. तिने हात पदराला पुसला. "चार वरीस तू माझ्या सहीवर झोपला, अण्णा."

एवढेच बोलली. तीन दिवसांत ती मंठाळला भावाकडे गेली. पंधरा दिवसांत बाकीचेही गेले. कोंडाबाईला मी खटकचिंचोळीला पोहोचवून आलो. एवढे तरी वेळेवर झाले, असे मला त्या दसऱ्यापर्यंत वाटत होते.

९. रिकामी घरे. दसरा झाला, साखर कारखान्याच्या हंगामाची माणसे आली. त्यांची पाले नेहमी माळावर पडतात. यंदा माळावर गुडघाभर पाणी. रेवणप्पा शेठने रिकाम्या घरांची कुलपे उघडून ती त्यांना किरायाने दिली. आठ दिवसांत वरचे तिन्ही मजले भरले, पूर्वी एका घरात चार माणसे होती तिथे आता नऊपर्यंत आहेत. नगरपालिकेने वीज तोडली होती, त्यांनी रस्त्यावरच्या विजेच्या खांबावरून तार ओढली.

मी वर गेलो. तिसऱ्या मजल्यावर रेणुका नावाची बाई होती, तिला सातवा महिना. मी तिला गॅलरीचे सांगितले, खांबाचे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले.

"काका, तुमी कुठं राहाताव?"

"खालीच. दोन नंबरात."

"मग आमाला कामून भेव घालायलाव?" ती म्हणाली. "तिकडं पालात साप निघायलेत. हितं वर छत हाय."

शेठना विचारले तर म्हणाले, मी कोणाला बोलावले नाही, तेच आले. नगरपालिकेत विचारले तर म्हणाले, पाडायचा हुकूम झाला आहे, टेंडर दोनदा काढले, कोणी भरले नाही. तिसऱ्यांदा काढू. तोवर माणसे बाहेर काढा म्हटले तर म्हणाले, पोलीस पाहिजेत, पोलीस म्हणाले नगरपालिकेचे पत्र पाहिजे. पत्रासाठी मी अकरा वेळा गेलो आहे. पुढच्या सोमवारी परत जाणार आहे.

१०. बुद्धरत्न. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "अप्पा, सगळेच किरायानं देयलेत. आपलंच एक अडवून कामून ठेवलाव? तुमी गावाकडं जावा, मी दोन नंबर देऊन टाकतो."

"देऊन टाक म्हणजे? कोणाला?"

"कोणी बी ऱ्हाईल की. त्यायला चालायलंय."

"तुझ्या लेकराला ठिव की मग."

तो ताटावरून उठून गेला, फोन करत नाही. त्याचा मला राग नाही. अठरा वर्षांपूर्वी त्याच जागी मी उभा होतो आणि मलाही कोणीतरी असेच घर देऊ केले होते. पण लिहून ठेवतो: माझ्या मृत्यूनंतर इमारत उभी असेल तर घर नंबर दोन कोणालाही राहायला, किरायाने, फुकट, एका दिवसासाठीही देऊ नये. दाराला विटांची भिंत घालून ते बंद करावे. बुद्धरत्नने हे मोडले तर कलम दोनमधला त्याचा हिस्सा संध्याला जावा. पाळले तर माझे मनगटी घड्याळही त्यालाच द्यावे, त्याने ते दहावीत असताना मागितले होते.

मी स्वतः इथून का जात नाही, असे संध्या दर रविवारी विचारते. गेलो तर या घरात आणखी नऊ माणसे येतील, हे एक. दुसरे कारण मला तिला तोंडाने सांगता आले नाही. वरची माणसे ज्या खांबाच्या भरवशावर निजतात तो मी उभा केला आहे. ती असेपर्यंत मी खालीच बरा.

११. परांची. जिना त्याच खांबाला धरून आहे. तो गेला तर वरून उतरायला वाट नाही. म्हणून गेल्या पंधरवड्यात मी इमारतीच्या मागच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यापर्यंत, वेळूची परांची बांधली आहे. जिना मी कसाबसा चढतो, पण परांचीवर गुडघे चढू देत नाहीत, म्हणून वरची बांधणी तिप्पण्णाने केली. तो माझ्याच हाताखाली शिकलेला, आता पन्नाशीचा गवंडी आहे. दर मजल्याला खिडकीचे गज कापून वाट केली आहे. रेणुकाला दोनदा उतरवून पाहिले, तिला जमते. खांबावर आता लावलेली नवी काच गेली की मी दारात टांगलेला लोखंडी तुकडा वाजवणार, तो ऐकला की कोणी जिन्याकडे यायचे नाही, मागे जायचे, असे सगळ्यांना घटवून सांगितले आहे. गज कापल्याबद्दल शेठने माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. ती खरी आहे.

वेळू माझ्या मालकीचे आहेत. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत ते कोणी सोडू नयेत. नंतर तिप्पण्णाने न्यावेत.

१२. रेवणप्पा शेठ. इमारतीच्या उद्घाटनाला त्यांनी मला शाल पांघरली होती, ती ट्रंकेत वरच आहे. छिन्नी लावली त्या रविवारी खांबातून पडलेली सळईची पूड मी त्यात बांधून ठेवली आहे. गाठ न सोडता त्यांच्या घरी पोहोचवावी. निरोप काही नाही.

१३. माझ्यामागे त्रिशरण-पंचशील म्हणावे, भोजनाचे काही करू नये. देह अखंड मिळाला तर खटकचिंचोळीला न्यावा.

१४. शेवटची सूचना ही संध्यासाठी नसून नगरपालिका, अग्निशामक दल आणि जो कोणी ढिगारा उपसायला येईल त्याच्यासाठी आहे. या कलमाची एकेक प्रत मी नगरपालिकेत, पोलीस ठाण्यात आणि समोरच्या चहाच्या हॉटेलात दिली आहे. कोण कुठे निजते ते खाली लिहितो. माणसे बदलली की मी यादी बदलतो.

पहिला मजला, घर तीन: सात माणसे, सगळी रस्त्याकडच्या खोलीत, डोकी पूर्वेला. घर चार: नऊ. दोन म्हातारी स्वयंपाकघरात ओट्याखाली, बाकी मधल्या खोलीत.
दुसरा मजला, घर पाच: आठ, त्यांत तीन लेकरे, मागच्या खिडकीशी. मुद्दाम तिथे निजवायला लावली आहेत. घर सहा: सहा पुरुष, दोन पाळ्यांत, म्हणजे एका वेळी तीनच.
तिसरा मजला, घर सात: रेणुका, तिचा नवरा, सासू. मागची खोली, परांचीच्या खिडकीखाली. घर आठ: पाच माणसे, दाराजवळ. त्यांना आत सरका म्हणून सांगितले, ऐकत नाहीत.
तळमजला, घर एक: बंद. घर दोन: मी, दारालगतच्या खाटेवर.

उपसताना मागच्या बाजूने सुरुवात करावी. जिन्याकडून यंत्र लावू नये, त्या बाजूचे सगळे वजन खाली येईल. आवाज द्यावा आणि थांबून ऐकावे. माझ्यासाठी थांबू नये. मला सगळ्यांत शेवटी काढावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, साक्षीदारांसमोर वाचून दाखवला आणि तो बरोबर आहे. साक्षीदारांपैकी कोणालाही यातून काही मिळणार नाही.

सही: माणिकराव भीमराव मेत्रे

साक्षीदार:
१. प्रेमानंद सोपानराव गायकवाड, निवृत्त शिक्षक, हिरेनाळ
२. शिवय्या गुरुलिंगय्या मठपती, चहाचे हॉटेल, 'रेवण निवास'समोर, हिरेनाळ

ठिकाण: हिरेनाळ, जिल्हा बीदर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

सही झाल्यावर, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर वाढवलेले: कलम चौदामध्ये दुरुस्ती. घर आठमध्ये आज दुपारी आणखी एक कुटुंब आले आहे. नवरा, बायको आणि कडेवर एक. नावे अजून विचारायची आहेत. कुठे निजणार ते बघून येतो आणि लिहितो.

सही: मा. भी. मेत्रे